मेलवरचा गणपती कोणी पुसायचा

१० नोव्हेंबर

दामूअण्णांनी आज मेलला धबधबा लावला. म्हणजे त्यांना तसं वाटतंय. सकाळी ऑफिसात आले, स्वतःच्या मेलची थीम बदलली, मागं डोंगरावरचा धबधबा आला, आणि मग मंडळाच्या एकेका सभासदाला फोन. दिसला का धबधबा? कोणालाच दिसेना. दिसणार कसा? ती थीम ज्याची त्यालाच दिसते. घराला आतून रंग दिला तर शेजाऱ्याला काय कळणार? हे मी तीन वेळा समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, सुजाताताई, तुमचं नेट स्लो असेल.

अध्यक्ष आहेत, ऐकायचं. (यापुढं दा.अ. लिहीन. दिवसभर अण्णा-अण्णा करते तेवढं पुरे.) मूळचे इंदुरीचे, आयुष्यभर बांधकामाची कंत्राटं घेतली, आता आमचं मावळ पायथा घरनिवास मंडळ चालवतात. भाजे, वलवण, वरच्या वाड्यांमधली माणसं शनिवार-रविवार घरातल्या खोल्या पाहुण्यांना देतात, जेवू घालतात. बुकिंग मंडळाच्या मेलवर येतं, मी ते ज्याच्या त्याच्या मेलवर धाडते. एवढंच तर काम आहे. त्याला धबधबा कशाला हवा?

१२ नोव्हेंबर

धबधब्याचा नाद सुटला. आता मेल 'कोरा' जातो हे खुपायला लागलंय. कुठल्यातरी रिसॉर्टचा मेल बघितला, त्याच्यावर हिरवी पानं, मागं फिकट डोंगर. म्हणाले, आपला मेल म्हणजे तहसीलची नोटीस वाटते. पाहुणा घाबरायचा. मी म्हटलं, आजवर कोणी घाबरलं नाही. त्यावर हसले आणि जावयाला फोन लावला.

जावई म्हणजे विनोदराव. लोणावळ्यात फ्लेक्स छापतात. 

१५ नोव्हेंबर

आला फ्लेक्स. मेलमध्ये.

वर मधोमध गणपती. दोन बाजूंना समया. झेंडूचं तोरण. डावीकडं दा.अ. हात जोडून, उजवीकडं कार्यकारिणीचे गोल गोल चेहरे, खाली वलवणचं धरण. मागं सगळं जांभळं, अक्षर पिवळं. मजकुराला जागा उरली ती पोस्टाच्या तिकिटाएवढी. विनोदरावांना विचारलं, लिहायचं कुठं? म्हणाले, ताई, लूक महत्त्वाचा.

सेटिंगमध्ये जाऊन त्यांनी असं करून ठेवलंय की नवीन मेल उघडला की हे सगळं आपोआप हजर. आणि तळाशी आपोआप माझं नाव. सुजाता, कार्यालय प्रमुख. म्हणजे माथ्यावर गणपती आणि पायथ्याला मी.

मी म्हटलं, माझं नाव काढा, मंडळाचं घाला. दा.अ. म्हणाले, माणसाच्या नावाशिवाय मेलला वजन येत नाही.

घरी येऊन चिडचिड. आमच्या घरातला देव्हारा आज्यानं छप्पन्न साली उचलला तो उचललाच. भिंतीवर बुद्ध आहे, बाकी काही नाही. गणपतीशी माझं भांडण नाही, शेजारच्या घरचे मोदक मी दरवर्षी खाते. पण माझ्या नावाच्या डोक्यावर काय असावं, हे मला कोणी एका शब्दानं विचारू नये? नाव माझं आहे ना?

१७ नोव्हेंबर

पहिला दिवस नव्या लूकचा. पुण्याच्या एका बाईंचं उत्तर: पत्रिका मिळाली, अभिनंदन, पण लग्न कोणाचं आहे ते कळलं नाही. तिनं खोलीत गिझर आहे का विचारलं होतं. आहे, असं मी लिहिलं होतं. तोरणाच्या खाली.

दुसऱ्या एकाच्या मोबाईलवर पिवळी अक्षरं गायबच. त्याला फक्त दा.अ. दिसतात, हात जोडलेले. त्यानं विचारलं, हे गृहस्थ कशाबद्दल माफी मागतायत?

हा निरोप मी दा.अ.ना जसाच्या तसा वाचून दाखवला. ते म्हणाले, बघा, लोकांचं लक्ष जातंय.

आणि प्रत्येक मेल जडशीळ. दोन ओळी पाठवायच्या तर चहा होऊन जातो. पाहुण्यानं उत्तर दिलं की गणपती परत येतो, मी उत्तर दिलं की परत जातो. आठ वेळा बोलणं झालं तर एका मेलमध्ये आठ गणपती एकाखाली एक. डोकं उठलं.

२१ नोव्हेंबर

आज नीट बसून दा.अ.शी बोलले. आवाज चढवला नाही. म्हटलं, मंडळाचे मेल तुम्हाला हवे तसे सजवा, पण ज्याच्याखाली माझं नाव जातं तो पांढरा असू द्या. एवढंच मागते. किंवा नाव काढा. दोन्हींपैकी एक.

त्यांना कळलं. कळलं नाही असं मुळीच नाही. पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, "ताई, गणपती काय आमचा एकट्याचा आहे का? तो सगळ्यांचा आहे. एवढं मनाला लावून घेऊ नका."

आता याला काय बोलायचं? माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. सासूबाई दवाखान्यात होत्या तेव्हा रोज याच माणसाच्या घरून डबा यायचा. माझ्या पगाराला उशीर कधी केला नाही. शुद्ध मनानं बोलतात आणि शुद्ध मनानंच ऐकत नाहीत.

२३ नोव्हेंबर, रविवार

सुट्टीचं वाटोळं. सकाळी नऊला पारूमावशीचा फोन. भाज्याच्या वर वाडी आहे तिथली, दोन खोल्या देते. पुण्याहून कुठल्याशा शाळेच्या शिक्षकबाई आठ-दहा जणी दारात उभ्या, आणि मावशीला पत्ताच नाही. मावशी त्यांच्यासमोरच मला फोनवर सोलत होती. "आगं सांगायचं तरी. भात झोडायला खळ्यावर गेलती मी, आंगाला सगळं भुसकाट. बाया म्हंत्यात आंगुळीला पाणी द्या."

मी मेल पाठवला होता. शुक्रवारी. मोबाईलवर ऑफिसचा मेल उघडून बघितला तर तो परत आलेला. पत्रपेटी भरली आहे, म्हणे. परत आला तेव्हा ऑफिस बंद होतं.

मावशीनं पिठलं-भाकरी करून त्यांना जेवू घातलं. बाया खूश झाल्या. मावशी नाही.

२४ नोव्हेंबर

मावशी स्वतः आली. मळवलीहून लोकल धरून, मग चालत वलवणला. माझ्यासमोर फोन आपटला. हा घेईना झालाय, म्हणाली.

उघडून बघते तर खरंच गच्च. नातवाचे फोटो, कोंबड्यांचे व्हिडिओ, ते आधीपासूनचं. आणि वर आमचे मेल. एकही पुसलेला नाही. बुकिंग आलं, बुकिंग रद्द झालं, मीटिंग आहे, मीटिंग नाही, सगळं जपून. मी म्हटलं, मावशी, हे वाचून झालं की पुसायचं असतं.

"पुसू कशी? वर द्येव हाय."

मग तिनं सांगितलं. घरी माळ्यावर पिशवी आहे, वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नपत्रिका. वर गणपती छापलेला असतो म्हणून कचऱ्यात टाकता येत नाही, चुलीत घालता येत नाही. साठल्या की कोणीतरी नदीला जाताना घेऊन जातं. यात हसण्यासारखं काही नाही, सगळ्यांच्याच घरी असतं. पण मेल नदीला कसा न्यायचा?

मी काही म्हणायच्या आत तिनं फोन माझ्या हातात दिला. "तूच पूस. तुला चालतंय न्हवं?"

तोंडावर काही नव्हतं तिच्या. ना कुचकट, ना काही. शेजारणीला मीठ मागावं तसं. मी पुसले सगळे. मग दोघींनी चहा घेतला, तिनं आणलेले तांदूळ मी घेतले, ती गेली.

संध्याकाळपर्यंत काही वाटलं नाही. भाजी चिरताना एकदम काहीतरी टोचायला लागलं, ते अजून जात नाही.

२७ नोव्हेंबर

आज आणखी दोघं फोन घेऊन आले. पारूमावशीनं सांगितलं म्हणे, वलवणच्या ताई पुसून देतात. एकाचा फोन पुसता पुसता त्याला म्हटलं, सोपं आहे, दाखवते, तुम्हीच दाबा. तो दोन पावलं मागं सरकला. नको नको ताई, म्हणाला, आमच्यात नाही चालत.

माझ्यात चालतं. चालतं, खरंय. मला त्यात पाप वाटत नाही. मग राग कशाचा येतोय?

१ डिसेंबर

कहर. जीपवाल्यानं ऑफिसात प्लॅस्टिकची वायरची पिशवी आणून ठेवली. आत सात-आठ फोन, रबरबँडनं चिठ्ठ्या बांधलेल्या. भाज्यातून सगळ्यांनी मिळून पाठवलेत. निरोप: ताईकडून देव पुसून आणायचे.

दा.अ. समोरच होते. हसून म्हणाले, वा, नवीन खातंच सुरू झालं तुमचं.

मी पिशवी तशीच बाजूला ठेवली. जीपवाला विचारतो, कधी येऊ न्यायला? तासाभरानं ये, म्हणून गेले मी. का म्हणाले कोण जाणे. पुसलेही सगळे. एका फोनच्या चिठ्ठीवर पासवर्ड नव्हता, त्या बाईला शेजारच्या घरी फोन लावून विचारला. तीपण म्हणाली, देव तुमचं भलं करो.

२ डिसेंबर

नवऱ्याला सांगितलं, मिलिंदला. तो तळेगावच्या कारखान्यातून दमून आलेला, आधी हसला खूप. लग्नपत्रिकेचं ऐकून, आठ गणपती एकाखाली एक ऐकून. मग वायरच्या पिशवीचं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला.

म्हणाला, "आज्याला गावात मेलेलं ढोर ओढायला बोलवायचे. तेपण मानानंच बोलवायचे. बाबा रं, तूच कर, तुलाच जमतं."

हेच. हेच मला आठ दिवस सापडत नव्हतं. शिवी कोणी दिली नाही. उलट ताई ताई करतात, तांदूळ देतात, देव भलं करो म्हणतात. पण ज्याला हात लावायला स्वतः धजत नाहीत ते काम आमच्याकडं द्यायचं, आम्हाला चालतं म्हणून. कॉम्प्युटर आला, मेल आला, आणि ते काम बरोबर माझ्या टेबलावर येऊन बसलं. कार्यालय प्रमुख म्हणे.

मिलिंद म्हणतो, सोड नोकरी. का सोडू? मी काय केलंय?

५ डिसेंबर

दा.अ.ना सांगितलं. सगळं नाही, एवढंच की मी आता कोणाचे मेल पुसणार नाही आणि माझ्या नावावर चित्र नको. दोन्ही गोष्टी एका दमात. त्यांना फक्त चित्राचं ऐकू आलं. म्हणाले, विचार करतो.

त्यांनी विचार केला की मला भीती वाटते.

९ डिसेंबर

विचार झाला. विनोदराव पेन ड्राइव्ह घेऊन हजर. धरणाच्या शेजारी, खालच्या कोपऱ्यात, आता बुद्ध. डोळे मिटलेला, कमळावर, मागं निळा प्रकाश. कार्यकारिणीच्या एका चेहऱ्याच्या बरोबर खाली.

दा.अ.चा चेहरा असा की आता मी खूश होऊन पेढे वाटणार. "तुमचंपण मन राखलं, ताई. आता तक्रार नाही ना?"

काय सांगू? मी एक काढा म्हणत होते, यांनी एक वाढवला. बुद्ध काय तुमच्या फ्लेक्सची उरलेली जागा भरायला आहे का? एवढं तोंडापर्यंत आलं होतं. विनोदराव म्हणाले, ताई, अर्धी सुट्टी घालवून केलंय. मी थँक यू म्हणाले. स्वतःचाच राग आला.

११ डिसेंबर

आज एक गोष्ट झाली ती लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.

ऑफिसची पत्रपेटीपण भरत आली. जुने मेल काढायला बसले. बुद्ध नसलेले धडाधड गेले. नवीन, बुद्ध असलेला पहिला मेल आला आणि बोट थांबलं. चित्र आहे, मला माहीत आहे. मूर्तिपूजा आपण करत नाही, हे विहारात मीच पोरींना शिकवते. तरी बोट थांबलं. घरच्या भिंतीवरच्या तसबिरीचाच चेहरा, आणि खाली कचऱ्याच्या डब्याचं चित्र.

पाच-दहा मिनिटं तशीच बसले. मग तो मेल वगळून पुढचे पुसायला घेतले तर पुढच्यातही तेच. शेवटी कॉम्प्युटर बंद केला.

म्हणजे पारूमावशीला जे होतं ते हेच. तिला वेडी समजायला मी कोण? पण तिच्यापाशी मी आहे. मी कोणाकडं फोन घेऊन जायचं?

१६ डिसेंबर

सहलींचा हंगाम. रोज पंधरा-वीस मेल, सगळे जांभळे. तीन घरांचे परत आले, पेट्या भरल्या. आता मी मेल पाठवून वर फोन करून सांगते की मेल पाठवलाय. मग मेल कशाला? पोस्टमन होते, आता दवंडीवाली झाले.

बुद्ध आल्यापासून फोन पुसायला यायचे थांबतील असं वाटलं होतं. एक जण आलाच. त्याला म्हटलं, आता यात आमचापण आहे, मलापण चालत नाही. तो बिचारा गोंधळला. मग म्हणाला, मग आता कोण?

बरोबर प्रश्न विचारला.

२२ डिसेंबर

गुरुजींना भेटले. मंडळाचे सचिव, निवृत्त मास्तर, ठराव लिहितात. शहाणा माणूस. त्यांना सगळं सांगितलं, ढोराचं सोडून. ऐकून घेतलं. म्हणाले, चूक आहे, चित्रच काढायला पाहिजे. जानेवारीच्या सभेत विषय घेऊ.

मग जिना उतरताना म्हणाले, "मात्र तो तुम्ही मांडू नका. तुम्ही मांडलात तर लोक म्हणतील, हिला तर गणपती नकोच आहे."

मी विचारलं, मग तुम्ही मांडाल? म्हणाले, बघू.

४ जानेवारी, रविवार

सभा. इंदुरीला, दा.अ.च्या अंगणात. किल्ल्याकडून गार वारं, सगळे शाली गुंडाळून. मटकीची उसळ छान होती, तेवढंच चांगलं म्हणायचं.

विषय तिसरा: सभासदांच्या पत्रपेट्या भरणे. एकेकानं उठून गाऱ्हाणं सांगितलं. बुकिंग बुडतंय, पाहुणे दारात येतात, कळत नाही. सगळ्यांना माहीत होतं की कारण काय. दा.अ. म्हणाले, उपाय सुचवा. गणपती काढा असं कोण म्हणणार? तेपण अण्णांच्या अंगणात, जावई पहिल्या ओळीत बसलेला. मी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी वहीत बघत होते.

मी उठायला लागले होते, खरंच. पदर सावरला. आणि गुरुजींचं ते वाक्य आठवून बसले. भित्री कुठली.

मग कोणीतरी म्हणालं, पत्रिका कशा नदीला सोडतो, तसं करू. दा.अ.ना ती कल्पना अशी आवडली की बघायलाच नको. वर्षातून एकदा, इंदुरीच्या घाटावर, सगळ्यांनी फोन घेऊन यायचं. आरती करायची, फुलं इंद्रायणीला सोडायची, आणि मग सगळ्यांचे मेल एकदम पुसायचे. विनोदराव बोर्ड करणार. कोणीतरी विचारलं, पण पुसणार कोण?

कोणी माझं नाव घेतलं नाही. सगळ्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. पारूमावशीनंसुद्धा. दा.अ. म्हणाले, आपल्या ताई आहेतच. टाळ्या वाजल्या.

गुरुजींनी ठराव लिहिला. सुजाताताई यांनी पुसण्याचे काम करावे, सर्वानुमते मंजूर. सर्वानुमते. मी तिथंच बसले होते.

जाताना दा.अ.नी आठवण केली, उद्या सगळ्यांना नोटिशीचा मेल काढा. तुमच्या नावानं.

५ जानेवारी

नोटीस काढली नाही. डोकं दुखतंय सांगितलं. दुखत होतंच.

६ जानेवारी

आज काढली.

आधी त्या सेटिंगमध्ये गेले. विनोदरावांनी कुठं काय दडवलंय ते सापडायला सकाळ गेली. थीम नाही, पार्श्वभूमी नाही, काही नाही, असं केलं. नवीन मेल उघडला. पांढरा. इतक्या दिवसांनी तो पांढरा बघून डोळ्याला बरं वाटलं. काळ्या अक्षरात लिहिलं. जसं लिहिलं तसं इथं उतरवते:

"सर्व सभासदांना नमस्कार. घाटावर मेल पुसण्याचा ठराव झाला आहे. मी ते काम करणार नाही. याआधी केलं, कारण नाही म्हणता आलं नाही. तुम्हाला जे पुसताना हात कापतो ते माझ्याकडून करून घ्यायचं, हे मला लागतं. आमच्या आधीच्या पिढ्यांनी अशी कामं पुष्कळ केली. तुमचे देव तुम्ही ठेवा किंवा तुम्ही पुसा. माझ्या नावाचा मेल यापुढं पांढराच जाईल. तुमची, सुजाता."

'तुमची' ठेवावं की नको यावर अडले. ठेवलं. तुमचीच तर आहे, इतकी वर्षं.

दाबलं आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं. चांगलं वाटत होतं की वाईट, सांगता येत नाही.

७ जानेवारी

एकाचंही उत्तर नाही. फोन नाही. एरवी बुकिंगचा मेल पाच मिनिटं उशिरा गेला तर ऑफिस डोक्यावर घेतात.

मिलिंदनं मेल वाचला. दोनदा वाचला. भांडी त्यानं घासली.

८ जानेवारी

दा.अ. आले. खुर्चीत बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, गावात मान खाली घालायची वेळ आणलीत. आधी मला सांगायचं होतं.

मी म्हटलं, सांगितलं होतं, अण्णा. दोनदा.

आठवायचा प्रयत्न करत होते, खरंच. आठवलं की नाही कळलं नाही. "मी तुम्हाला कधी परकं मानलं का?" एवढं बोलले आणि निघाले. पाठमोरे बघून मला रडू आलं. चूक माझी नाही हे पक्कं माहीत आहे आणि तरी आलं. नोकरी राहते की जाते, देव जाणे. जीभ बघा, आमच्यापण तोंडात हेच.

९ जानेवारी

दुपारी पारूमावशीचा फोन. शेजारणीच्या फोनवरून बोलत होती, स्वतःचा दुसऱ्या हातात. वाचून घेतलं म्हणाली नातसुनेकडून माझं पत्र. ना चुकलं म्हणाली, ना रागावली. एकदम म्हणाली, "कुटं दाबायचं त्ये सांग."

मी म्हटलं, मावशी, मी लिहिलंय ना, मी पुसणार नाही.

"तू नगं पुसू. मी पुसती. नुसतं कुटं त्ये सांग."

सांगितलं. मेलवर बोट दाबून धर, वर डब्याचं चित्र येईल, त्याच्यावर दाब. कोंबड्या ऐकू येत होत्या. मग म्हणाली, कचऱ्याचा डबा हाय की गं हितं. मी म्हटलं, हो. तेच.

"थांब जरा. पायातल्या वहाणा काढती."

काढल्या असणार. दगडावर आपटल्याचा आवाज आला. मी कानाला फोन लावून ऑफिसात उभी. खुर्चीतून कधी उठले कळलं नाही. तिचा श्वास ऐकू येत होता. आता दाबते, आता दाबते, असं मला वाटत होतं. पण तिचा आवाज आला, हळू, विचारल्यासारखा.

"सुजे, ह्येच्यात खाली तुमचा बुद्ध बी हाय. त्यो बी जाईल संगं. तू काय म्हंतीस?"

दाबा म्हणायचं होतं. चित्रच आहे, मावशी, दाबा. सगळं तयार होतं जिभेवर. ती तिकडं अनवाणी उभी, बोट त्या डब्यावर धरून, माझ्या शब्दासाठी खोळंबलेली. आणि मला बोलता येईना.

"आगं हाईस का?" म्हणाली.

आहे, म्हटलं. आहे. जरा थांबा.